एकपानी बंडं : माद्रिद, कलकत्ता, हावडा

दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत स्पेनच्या साहित्यात आणि चित्रकलेत जी उलथापालथ झाली, तिचं प्रदर्शन भारतात मांडायचं ठरलं तर ते कसं दिसेल याचा अंदाज सहज करता येतो. एका भिंतीवर पिकासोच्या ‘गेर्निका’ची मोठी छपाई, दुसरीवर दालीची वितळणारी घड्याळं, मधे लोर्काचा फोटो, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात बुन्युएलचा 1929 चा मूकपट. माणसं येतील, ओळखीच्या गोष्टी पाहतील आणि जातील. त्यातलं काहीच चुकीचं नसेल, पण तो काळ मात्र त्यात कुठेच नसेल.

हा प्रश्न आत्ता काढायला कारण आहे. 2006 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळ्याचा अतिथी देश स्पेन होता. 2026 हे वर्ष भारत आणि स्पेन यांनी संस्कृती, पर्यटन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचं संयुक्त वर्ष म्हणून ठरवलं. अशा वर्षांत प्रदर्शनं होतात आणि ती घाईत होतात. त्या घाईत बाजूला पडणाऱ्या काही गोष्टी इथे एकत्र मांडायच्या आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं की स्पेनची ती नवकला मुळात कागदावरची होती, मासिकांची होती. भारतात तिला खरं घर मिळू शकेल ते कलकत्त्यात, आणि कलकत्त्यातही हुगळीच्या पलीकडे, हावड्याला.

आधी स्पेन. पहिल्या महायुद्धात हा देश तटस्थ राहिला, त्यामुळे पॅरिसमधले बरेच कलावंत तिकडे येऊन राहिले. रॉबेर आणि सोनिया दलोने माद्रिदला आले. पिकाबिया बार्सिलोनात आला आणि जानेवारी 1917 मध्ये त्याने ‘391’ या मासिकाचा पहिला अंक तिथे छापला. बार्सिलोना त्याआधीच जागं होतं, जुझेप दाल्माउने 1912 मध्येच आपल्या गॅलरीत घनवादी चित्रं लावली होती. माद्रिदमध्ये रामोन गोमेस दे ला सेर्ना हा एकटाच एक चळवळ होता. 1909 मध्ये मारिनेत्तीचा भविष्यवादी जाहीरनामा त्याने आपल्या ‘प्रोमेतेओ’ मासिकात छापला. पोंबो नावाच्या जुनाट कॅफेत दर शनिवारी रात्री तो बैठक भरवी. चित्रकार सोलानाने 1920 मध्ये या बैठकीचं मोठं तैलचित्र काढलं, ते आज माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे. काळ्या कोटातली गंभीर माणसं, टेबलावर बाटल्या, मागे आरसा, मधोमध उभा असलेला रामोन. नव्या कलेची ही सर्वांत प्रसिद्ध बैठक, आणि तिचं चित्र मात्र जुन्या गडद स्पॅनिश रंगांत. या विसंगतीपाशी थांबायला हवं. स्पेनमध्ये नवं आलं ते जुन्याच्या मांडीला मांडी लावून बसलं.

1918 मध्ये चिलीचा कवी विसेन्ते उइदोब्रो पॅरिसहून माद्रिदला आला. त्याच्या बोलण्याने पेटलेल्या पोरांनी ‘उल्त्राइस्मो’ची घोषणा केली. यमकं काढून टाका, गोष्ट सांगणं सोडा, प्रतिमेला प्रतिमा भिडवा, एवढाच काय तो कार्यक्रम. होर्हे लुइस बोर्हेस तेव्हा विशीत होता आणि स्पेनमध्येच होता. त्याची बहीण नोरा लाकडी ठसे कोरायची. सेव्हियात सुरू झालेल्या ‘ग्रेसिया’त आणि माद्रिदच्या ‘उल्त्रा’त तिचे ठसे छापले गेले. ‘उल्त्रा’ 1921 च्या जानेवारीत निघालं आणि 1922 च्या वसंतापर्यंत बंद पडलं. मुखपृष्ठांवर उरुग्वेचा बार्रादास, पोलंडचा याल आणि नोरा. आत कविता तिरक्या, उभ्या, पायऱ्यांसारख्या उतरणाऱ्या. बोर्हेस ब्यूनोस आयरेसला परतला तेव्हा त्याने मित्रांच्या साथीने ‘प्रिस्मा’ नावाचं एक पानाचं मासिक काढलं आणि रात्री ते शहरभर भिंतींवर खळीने चिकटवलं.

या मासिकांचं आयुष्य पाहिलं की त्या चळवळीची जात कळते. पैसे नाहीत, वाचक थोडे, छापखानदाराचं देणं थकलेलं, आणि तरीही अंक परदेशी मित्रांना पोस्टाने जातो. मग तिकडून त्यांचे अंक येतात. गिल्येर्मो दे तोर्रे या पोराने 1920 मध्ये आपला ‘उभा जाहीरनामा’ एकाच पानावर छापला, आणि 1925 मध्ये पंचविशीतच साऱ्या युरोपातल्या नवसाहित्याचा जाडजूड आढावा लिहिला. एवढं साहित्य त्याच्यापर्यंत आलं ते बहुतांशी टपालाने. त्याच वर्षी माद्रिदच्या रेतिरो बागेतल्या वेलास्केस प्रासादात इबेरी कलावंतांच्या संस्थेचं प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी तत्त्वज्ञ ओर्तेगा ई गासेतचा कलेतून माणूस वजा होण्यावरचा निबंध ग्रंथरूपाने आला. 1927 मध्ये गोंगोरा या सतराव्या शतकातल्या अवघड कवीची त्रिशताब्दी तरुण कवींनी साजरी केली, आणि त्यावरून पुढे ‘सत्तावीसची पिढी’ हे नाव रूढ झालं : लोर्का, आल्बेर्ती, सेर्नुदा, आलेइसांद्रे. हे नाव आपल्याला माहीत असतं. त्याच्या आधीची दहा वर्षं माहीत नसतात.

आणि बायका तर मुळीच नाहीत. मारुहा माल्योच्या जत्रांच्या चित्रांचं प्रदर्शन 1928 मध्ये ओर्तेगाने स्वतःच्या मासिकाच्या कचेरीत भरवलं. आन्हेलेस सांतोस या वायादोलिदच्या मुलीने 1929 मध्ये तीन मीटरच्या कॅनव्हासवर ‘एक जग’ रंगवलं, घनाकृती पृथ्वी, तिच्या कडांवर घरं आणि रेल्वे, बाजूला सूर्यावरून आग आणून तारे पेटवणाऱ्या आकृत्या. तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती. वर्षभरात घरच्यांनी तिला मनोरुग्णांच्या आरोग्यधामात ठेवलं. माल्यो, मार्गारिता मान्सो, लोर्का आणि दाली एकदा माद्रिदच्या भर चौकात डोक्यावरची टोपी काढून फिरले आणि लोकांनी त्यांना दगड मारले, असं माल्यो पुढे सांगत असे. ‘बिनटोपीवाल्या’ हे त्या साऱ्या लेखिका-चित्रकर्तींचं नाव यावरूनच पडलं, तेही 2015 च्या एका माहितीपटानंतर. नव्वद वर्षं उशिरा.

आता कलकत्ता. डिसेंबर 1922 मध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टचं चौदावं वार्षिक प्रदर्शन शहरात भरलं, आणि त्यात वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेतून आलेली चित्रं लागली : कांडिन्स्की, क्ले, फाइनिंगर, इटेन, मुखे, श्रायर, मार्क्स. मार्गिट टेरी-आडलर आणि सोफी कॉर्नर या दोन स्त्रियाही होत्या. यामागे होती स्टेला क्रामरिश, व्हिएन्नात शिकलेली पंचविशीतली कला-इतिहासकार. रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून ती शांतिनिकेतनला आली, तिथे तिने गॉथिकपासून दादापर्यंतच्या पाश्चात्त्य कलेवर व्याख्यानं दिली आणि इटेनला पत्र लिहून चित्रं मागवली. बाउहाउस तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं. त्या चित्रांशेजारी गगनेंद्रनाथ टागोर आणि सुनयनी देवी यांची चित्रं लागली होती. दुसऱ्याच वर्षी बंगालची चित्रं बर्लिनच्या क्रोनप्रिन्झेनपालेमध्ये गेली. रस्ता दुहेरी होता.

या प्रदर्शनात स्पेन नावाने नव्हतं, पण गगनेंद्रनाथांच्या चित्रांत ते होतंच. घनवाद पॅरिसमध्ये घडला, आणि त्याचा पाया घालणाऱ्यांत मालागाचा पिकासो आणि माद्रिदचा हुआन ग्रिस होते. गगनेंद्रनाथ 1867 चे, म्हणजे पिकासोपेक्षा चौदा वर्षांनी मोठे. पन्नाशी उलटल्यावर हा माणूस घनवादाकडे वळला. त्यांचं या काळातलं एखादं चित्र जवळून पाहावं. कागद लहान, शाई आणि जलरंग. एक जिना वर जातो आणि मधेच तुटतो. दाराच्या चौकटीत दुसरी चौकट, तिच्यात तिसरी. कुठून तरी उजेडाची पात येते आणि भिंतीला तिरकी कापते, त्या कापातून पुन्हा एक खोली उघडते. पायरीवर एक बाई उभी असते, तिचं तोंड दिसत नाही. पिकासो आणि ब्राक यांनी गिटार, बाटली, माणूस उकलून त्याची बाजूबाजू समोर मांडली. गगनेंद्रनाथांना वस्तूची उकल नको होती. त्यांनी त्याच कोनांतून जोडासांकोच्या आपल्या वाड्याचा अंधार रचला, आणि त्यात नाटकाच्या रंगमंचाचा उजेड सोडला. नेपथ्याची त्यांना उत्तम जाण होती, हे प्रत्येक चित्रात दिसतं.

त्यांच्याच हातची दुसरी गोष्ट या आढाव्याला अधिक लागू आहे. घनवादी चित्रांच्या आधी त्यांनी घरी शिळाप्रेस बसवला आणि त्यावर व्यंगचित्रांचे संग्रह छापले, ‘अद्भुत लोक’ आणि ‘विरूप वज्र’ 1917 मध्ये, ‘नव हुल्लोड’ 1921 मध्ये. ढोंगी ब्राह्मण, साहेबी पोशाखातला बाबू, पदव्यांचं पीठ दळणारं विद्यापीठ. स्वतःचा छापखाना, स्वतःची चित्रं, बाजारात विकायला संच. माद्रिदच्या कॅफेतल्या पोरांनी हे संच पाहिले असते तर त्यांना लगेच आपलासा वाटला असता हा माणूस. तरीही त्यांच्या चित्रांच्या चर्चेत हे संच कायम दुसऱ्या कपाटात राहतात.

क्रामरिशने 1922 मध्येच ‘रूपम’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात गगनेंद्रनाथांवर लिहिलं. त्याच नियतकालिकात त्याच वर्षी बिनय कुमार सरकार यांनी चित्राची किंमत विषयावर ठरत नाही, आकार आणि रंग यांच्या रचनेवर ठरते असं ठासून मांडलं. ‘भारतीय आत्मा’च्या गप्पा मारणाऱ्यांना तो झटका होता. पण पुढची चाळीस-पन्नास वर्षं या साऱ्याकडे पाहण्याची रीत इंग्रज समीक्षक डब्ल्यू. जी. आर्चर यांनी ठरवली. 1959 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी गगनेंद्रनाथांचा घनवाद म्हणजे पॅरिसची दुबळी उसनवार, असा निकाल दिला. पार्थ मित्तर यांनी 2007 च्या ‘द ट्रायम्फ ऑफ मॉडर्निझम’मध्ये या निकालाची उलटतपासणी केली आणि 1922 च्या प्रदर्शनापासूनच भारतीय आधुनिकतेची गोष्ट सुरू केली. त्यांचा मुद्दा साधा आहे. पिकासोने आफ्रिकेच्या मुखवट्यांवरून घेतलं की ती प्रतिभा, आणि कलकत्त्याच्या माणसाने पिकासोवरून घेतलं की ती नक्कल, हा न्याय एकतर्फी आहे. त्याआधी 1997 मध्ये आर. शिवकुमार यांनी शांतिनिकेतनच्या चार चित्रकारांचं मोठं प्रदर्शन दिल्लीत भरवून आपल्या मातीतल्या आधुनिकतेची बाजू मांडली होती. 2013 मध्ये डेसाऊच्या बाउहाउस प्रतिष्ठानाने 1922 ची ती भेट प्रदर्शनातून पुन्हा उभी केली.

हे सारं वाचत असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला. उल्त्राइस्मोवरही हेच शिक्के बसले होते. उसनं, उशिराचं, गोंगाट फार आणि कवी एकही मोठा नाही, असंच स्पेनमधल्या इतिहासांत दीर्घकाळ लिहिलं गेलं. 1963 मध्ये ग्लोरिया विदेलाने त्यावर पहिला भक्कम अभ्यास लिहिला, ती अर्जेंटिनाची. हुआन मानुएल बोनेतचा स्पेनमधल्या नवकलांचा कोश 1995 चा. त्यानेच 1996 मध्ये वालेन्सियात उल्त्राइस्मो आणि चित्रकला यांचं प्रदर्शन भरवलं. म्हणजे स्पेनला आपली ही मासिकं पुन्हा सापडायला आणि आपल्याला गगनेंद्रनाथ पुन्हा सापडायला जवळपास सारखाच वेळ लागला. दोघांनाही पॅरिसच्या फूटपट्टीने मोजलं गेलं होतं. भारतीय आधुनिकतेचा विचार करताना आपण सदैव पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्ककडे पाहतो. माद्रिदकडे पाहिलं तर आपला चेहरा जास्त स्पष्ट दिसतो, कारण तिथेही कडेला बसल्याची जाणीव होती, घरात लोककला जिवंत होती आणि धर्माची पकड घट्ट होती.

मधला पूल टागोरांचा आहे. सेनोबिया कांप्रुबी आणि हुआन रामोन हिमेनेथ यांनी 1915 पासून टागोरांची पुस्तकं एकामागून एक स्पॅनिशमध्ये आणली. ओर्तेगाने 1918 मध्ये ‘एल सोल’ या दैनिकात त्यांच्यावर लेख लिहिले. हिमेनेथ हा नव्या कवींचा वडीलधारा होता, त्यामुळे माद्रिदच्या विद्यार्थी-निवासात राहणाऱ्या पोरांच्या वाचनात टागोर आपोआप आले. 1921 मध्ये टागोर स्पेनला येणार होते, तयारी झाली होती, पण ते आलेच नाहीत. स्पेनला ते मिळाले ते पुस्तकांतूनच : मऊ, पवित्र, दूरचे. मराठी मनातला बंगाल फार वेगळा नाही. मामा वरेरकरांनी आणलेला शरदबाबू, पु. लं.ची ‘वंगचित्रे’, शांतिनिकेतनची झाडं. तो बंगाल खोटा नाही. पण त्यात गगनेंद्रनाथांचा तुटका जिना नाही आणि सरकारांचा कडवट निबंधही नाही.

1924 मध्ये टागोर आजारी पडून ब्यूनोस आयरेसजवळ लेखिका व्हिक्तोरिया ओकांपोच्या पाहुणचारात राहिले. ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडाखोडीतून उमटणारे विचित्र प्राणी तिनेच आधी नीट पाहिले. 1930 मध्ये पॅरिसच्या पिगाल गॅलरीत त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन तिच्याच खटपटीने झालं. वर्षभराने तिने ‘सुर’ हे मासिक काढलं. त्या मासिकाचं नाव सुचवलं ओर्तेगाने आणि त्याचं चिटणीसपद सांभाळलं गिल्येर्मो दे तोर्रेने, ज्याने एकपानी जाहीरनामा छापला होता आणि ज्याचं लग्न नोरा बोर्हेसशी झालं होतं. टागोरांची चित्रं आणि उल्त्राइस्मोची मासिकं एकाच घराच्या दोन खोल्यांत वावरत होती म्हणायचं. आणि उइदोब्रो? नेरुदाची 1924 ची सोळावी प्रेमकविता टागोरांच्या एका कवितेवर बेतलेली आहे, असा गवगवा 1934 मध्ये चिलीत झाला तेव्हा त्यामागे उइदोब्रोचा गोट होता. नेरुदाने पुढच्या आवृत्तीत तशी नोंद केली.

यानंतर स्पेनमध्ये यादवी युद्ध आलं, आणि प्रदर्शनं बहुतेक इथेच चुकतात. नवकला म्हणजे आपोआप लोकशाहीची बाजू, असं चित्र ती रंगवतात. एर्नेस्तो हिमेनेथ काबाय्येरोने 1927 मध्ये ‘ला गासेता लितेरारिया’ काढलं, त्या काळातलं सर्वांत खुलं पाक्षिक. चित्रपट मंडळ काढलं, पुस्तकांची परीक्षणं भित्तिपत्रकांसारखी रंगवली. आणि तोच पुढे स्पॅनिश फॅसिझमचा पहिला भाष्यकार झाला. कलकत्त्यात बिनय सरकारांनाही पुढे मुसोलिनी आणि हिटलर यांच्या राजवटींचं कौतुक वाटू लागलं. जुनं मोडण्याची ओढ माणसाला कुठेही नेऊ शकते. हे दाखवणारी एक काचपेटी ‘गेर्निका’च्या भिंतीइतकीच महत्त्वाची आहे.

दुसऱ्या बाजूला मार्च 1937 मध्ये टागोरांनी स्पॅनिश प्रजासत्ताकासाठी जगाला आवाहन केलं. हे टागोर हुआन रामोन हिमेनेथच्या अनुवादातल्या टागोरांपेक्षा निराळे. लोर्काला आधीच, ऑगस्ट 1936 मध्ये, गोळ्या घातल्या गेल्या होत्या. 1938 च्या उन्हाळ्यात नेहरू बार्सिलोनाला जाऊन आले. आणि नागपूरचा एक माणूस तर प्रत्यक्ष लढायला गेला. गोपाळ मुकुंद हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, पत्रकारिता शिकायला इंग्लंडला गेले आणि तिथून ‘जॉन स्मिथ’ या नावाने आंतरराष्ट्रीय पलटणीत सामील झाले. एप्रिल 1938 मध्ये ते फ्रँकोच्या बाजूच्या हाती सापडले, सान पेद्रो दे कार्देन्याच्या जुन्या मठातल्या तुरुंगात राहिले, सुटून परतले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. स्पेनच्या यादवीवरचं मराठी प्रकरण या एका माणसापाशी सुरू होतं. तरी शाळा-कॉलेजात त्यांचं नाव ऐकू येत नाही.

मुंबईकडे त्या वीस वर्षांत असं काही घडत नव्हतं. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमत होतं, त्याच वर्षी कलकत्त्यात ‘कल्लोळ’ मासिक निघत होतं. आपलं वादळ दोन दशकांनी आलं : मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ 1947 च्या, आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपही त्याच वर्षीचा. साळगावचा सूझा आणि विदर्भातले गाडे त्यात होते. 1950 मध्ये या ग्रुपने आणि कलकत्ता ग्रुपने कलकत्त्यात एकत्र प्रदर्शन भरवलं. लोर्का मराठीत आला तो रंगभूमीवरून. त्याच्या 1934 च्या ‘येर्मा’वरून आरती हवालदार यांनी ‘चांगुणा’ लिहिलं, जयदेव हट्टंगडी यांनी बसवलं, रोहिणी हट्टंगडी त्यात होत्या. मूल नसलेल्या बाईची ती तडफड कुठल्याही मराठी गावात सहज रुजली. पण या मार्गाने आला तो गावाकडचा, रक्ताचा आणि अब्रूचा लोर्का. न्यूयॉर्कमध्ये भेदरून, भडकून लिहिणारा लोर्का आपल्या वाट्याला कमी आला.

आता हावडा. गीतांजली एक्स्प्रेस 1977 मध्ये सुरू झाली, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. तिने येणारा मराठी माणूस हावड्याला उतरतो आणि पूल ओलांडून निघून जातो. हावडा म्हणजे स्थानक, एवढीच ओळख. शरदबाबू, म्हणजे शरच्चंद्र चट्टोपाध्याय, हावड्याच्या शिवपूरला राहत होते, दोन महायुद्धांमधल्या काळात हावडा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि ‘पथेर दाबी’ ही त्यांची कादंबरी सरकारने जप्त केली तेव्हा ते याच जिल्ह्यातले रहिवासी होते, हे कुणाला आठवत नाही. आणि 1961 च्या नोव्हेंबरात मलय रायचौधुरी, समीर रायचौधुरी, शक्ती चट्टोपाध्याय आणि देबी राय यांनी ‘हंग्री’ या बंगाली कवींच्या चळवळीचं पहिलं पत्रक काढलं, तिचा पत्ता पुढे हावड्याचा झाला. देबी राय, खरं नाव हराधन धाडा, हावड्यातल्या वस्तीत राहत. ही पत्रकं एकेका पानाची असत आणि कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसात हातोहात वाटली जात. 1964 मध्ये अटका झाल्या, मलय यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि 1967 मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. मर्ढेकरही याच आरोपाखाली कोर्टात उभे राहिले होते आणि सुटले होते.

ब्यूनोस आयरेसच्या भिंतीवरचा ‘प्रिस्मा’ आणि हावड्याच्या पत्त्यावरचं पत्रक यांच्यात चाळीस वर्षांचं अंतर आहे, आणि एकाने दुसऱ्याचं पाहिलं होतं असं मी म्हणत नाही. पण पैसा नसलेल्या, संस्था नसलेल्या तरुण कवीला पुन्हा पुन्हा एकच युक्ती सुचते, आणि तिचा इतिहास एका जागी मांडला तर तो माद्रिदचा राहत नाही की बंगालचा राहत नाही. त्यात मुंबईही येते. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांनी पन्नासच्या दशकाच्या मध्यात सायक्लोस्टाइलवर ‘शब्द’ काढलं. बंगालीत मुरलेल्या अशोक शहाण्यांनी ‘असो’ काढलं, आणि पुढे ‘प्रास’मधून कोलटकरांची पुस्तकं अशी छापली की पुस्तकाचा आकारसुद्धा कवितेचा भाग झाला.

असं कागदाचं प्रदर्शन हावड्यात परवडणारं आहे. हावडा मैदानाजवळ शरत सदन आहे. 2024 पासून नदीच्या खालून धावणारी मेट्रो एस्प्लनेडहून काही मिनिटांत तिथे आणून सोडते. मूळ तैलचित्रं आणायची गरज नाही, त्यांचा विमा कुणाला झेपणार नाही. प्रतींची लाज वाटायचं कारणही नाही, कारण स्पॅनिश प्रजासत्ताकाने स्वतःच ते केलं होतं. 1931 मध्ये सुरू झालेल्या ‘शैक्षणिक मोहिमां’नी प्रादोमधल्या चित्रांच्या प्रती ट्रकमधून खेडोपाडी नेल्या. रामोन गाया आणि इतर तरुण चित्रकारांनी त्या रंगवल्या होत्या, कवी सेर्नुदा सोबत हिंडत होता. पाच हजारांहून अधिक ग्रंथालयं त्यांनी गावांत पोचवली. ओर्तेगा म्हणत होता की नवी कला मुळातच थोड्यांसाठी असते. त्याला त्याच्याच देशातल्या पोरांनी दिलेलं हे उत्तर आहे. ‘उल्त्रा’, ‘ग्रेसिया’, ‘लितोराल’ यांच्या हुबेहूब प्रती काढता येतात, हातात देता येतात, आणि ही मासिकं हातात घेऊन वाचण्यासाठीच होती.

बंगालची बाजू मांडायला शहरात माल आहे. संदीप दत्त यांनी 1978 मध्ये कॉलेज स्ट्रीटजवळच्या टेमर लेनमधल्या घरात लिटल मॅगझिन ग्रंथालय सुरू केलं. एका मोठ्या ग्रंथालयात लहान मासिकांचा ढीग फेकून देण्यासाठी बांधून ठेवलेला त्यांनी तरुणपणी पाहिला होता, आणि त्यातून ही कल्पना निघाली. मार्च 2023 मध्ये ते गेले. सेंटर फॉर स्टडीज इन सोशल सायन्सेसच्या जदुनाथ भवनातही जुन्या नियतकालिकांचा आणि छापील चित्रांचा मोठा संग्रह आहे. अडचण येईल ती मराठी पेटीची. साठच्या दशकातली आपली अनियतकालिकं बहुतेक घरोघरच्या माळ्यांवर आहेत, सायक्लोस्टाइलची शाई उडत चालली आहे, आणि ज्यांच्याकडे ती आहेत त्यांची वयं झाली आहेत. हावड्याच्या दालनात नोरा बोर्हेसच्या ठशाशेजारी ‘शब्द’चं एक पान लावायचं असेल, तर ते शोधायला मुंबई, पुणे, नागपूरमध्ये कुणी तरी आत्ताच बाहेर पडायला हवं.